आधी खुर्ची बांधा, मग पेडल घ्या

घरच्या संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरबद्दल प्रश्न डोंबिवलीहून आलाय, थोडक्यात असा: वन बीएचके घर, कॉम्प्युटर टेबलाखाली जेमतेम जागा, खाली गुळगुळीत टाइल्स, चाकांची खुर्ची. हाताशी ट्विस्टवाली, म्हणजे दांडा पिळूनही चालणारी, जॉयस्टिक आहे. सेस्ना १७२ हे एका पंख्याचं छोटं विमान टेकऑफला सारखं डावीकडे पळतं आणि उतरताना धावपट्टीच्या मधल्या रेषेवर राहत नाही. मित्र म्हणतो रडर पेडल घे, म्हणजे शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी पायानं हलवायचे पेडल, सगळं सुटेल. तर घ्यावेत का, कोणते घ्यावेत, आणि जाता जाता, टाइलवर ते सरकणार नाहीत ना?

जाता जाता विचारलेला तो प्रश्न माझ्या लेखी पहिला आहे. मी घाटकोपरला अठरा वर्षं घरच्या घरी सिम्युलेटर चालवतोय. या काळात चार जोड पेडल वापरले, त्यातला एक स्वतः ठोकून बनवला, आणि ओळखीपाळखीच्यांचे कितीतरी उघडून दुरुस्त केले. अनुभव एकच सांगतो: बांधून घट्ट बसवलेले स्वस्त पेडल हे टाइलवर घरंगळणाऱ्या महागड्या पेडलपेक्षा कधीही चांगले. लोक महिनाभर मॉडेलं तपासत बसतात, खोकं घरी येतं, पहिल्याच टेकऑफला उजवा पाय दाबतात आणि विमानाऐवजी खुर्चीच मागच्या कपाटावर जाऊन आपटते. मग पेडल दिवाणाखाली जातात ते कायमचे.

पण आधी डावीकडे पळण्याचं बघू, कारण तो कदाचित पेडलचा प्रश्नच नसेल.

सेस्नाचा पंखा पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. त्यानं मागे फेकलेली हवा सरळ जात नाही. विमानाच्या अंगाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळत ती शेपटीपर्यंत पोचते आणि उभ्या शेपटीला डाव्या बाजूनं ढकलते. शेपटी उजवीकडे सरकली की नाक डावीकडे येणारच. शिवाय इंजिन पंख्याला एका बाजूला फिरवतं तेव्हा विमानाच्या अंगाला उलटा पीळ बसतो आणि डाव्या चाकावर भार वाढतो. नाक उचलल्यावर आणखी एक भर पडते: उजवीकडचं, खाली येणारं पातं हवेचा जास्त मोठा घास घेतं, म्हणून उजवी बाजू जास्त ओढते. पुस्तकांत या तिसऱ्या कारणाला भारी मान असतो. पण तीन चाकांवर आडवं धावणाऱ्या सेस्नात, नाक जमिनीला समांतर असताना, त्याचा वाटा थोडा असतो. सुरुवातीचा डावा ओढा मुख्यतः त्या गुंडाळत जाणाऱ्या हवेचा. खरं विमानही असंच वागतं आणि शिकाऊ पायलटच्या कानात शिक्षक सारखं एकच ओरडत असतो, उजवा पाय!

आता तपासणी. वारा शून्य करा. इंजिन मंद ठेवून, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगानं विमान सरळ चालवा. तेव्हाही ते डावीकडे जात असेल तर इंजिनाचा संबंध नाही. एकतर अक्षाचा, म्हणजे संगणक मोजतो त्या एका हालचालीचा, मध्य चुकलाय किंवा डावा ब्रेक थोडासा लागून राहिलाय. मंद असताना सरळ जातं आणि फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद, दिल्यावरच डावीकडे ओढतं, असं असेल तर सगळं ठीक आहे, फक्त तुमचा उजवा पाय कामाला लागायला हवा. आणखी एक गोष्ट बघून घ्या. सिम्युलेटरच्या मदतीच्या यादीत ऑटो रडर चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर तुमचे पाय आणि संगणकाचे पाय एकमेकांशी भांडत बसतील. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये रडरला अक्षच नेमलेला नसेल तर तो आपणहून रडर सांभाळतो. तिथे पेडल लावल्या दिवशी विमान आधीपेक्षा वाईट उडायला लागतं आणि लोक घाबरतात. बिघडलेलं काही नसतं, कुबडी काढून घेतलेली असते.

बरं, मग ट्विस्टवाल्या जॉयस्टिकवर भागत नाही का? गोल चक्कर मारायची, कोकण किनारा बघत अलिबाग-मुरुडपर्यंत जाऊन यायचं, एवढंच असेल तर भागतं. खरी अडचण येते ती आडव्या वाऱ्यात.

पावसाळ्यात आमच्या गच्चीवर उभे राहा. सांताक्रूझच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून पश्चिमेकडे जातात. वारा नैऋत्येचा, म्हणजे विमानाच्या डावीकडून समोरून. नीट बघितलंत तर दिसेल की विमान जातंय पश्चिमेला, पण त्याचं नाक किंचित डावीकडे, दक्षिणेला वळलेलं आहे. खेकडा तिरका चालतो तसं. आकड्यात बघायचं तर धावपट्टी २७० अंशांची, वारा २३० अंशांवरून २० नॉटचा. फरक ४० अंश. म्हणजे आडवा ढकलणारा हिस्सा साधारण १३ नॉट. जेट विमानाला ते किरकोळ. पण सेस्ना १७२ एस या मॉडेलच्या पुस्तकात प्रात्यक्षिकात दाखवलेला आडवा वारा आहे १५ नॉट, म्हणजे तुमच्या सेस्नासाठी हे जवळजवळ काठावरचं काम.

असं तिरकं आलेलं विमान तसंच टेकवलं तर चाकं आडवी घासतात. म्हणून टेकायच्या क्षणभर आधी उजवा पाय दाबून नाक मधल्या रेषेशी सरळ करायचं. पण नाक सरळ केलं की वारा विमानाला उजवीकडे वाहून न्यायला लागतो. तो थोपवायला डावा पंख थोडा खाली ठेवायचा, म्हणजे स्टिक डावीकडे. आता हे ट्विस्टवाल्या जॉयस्टिकवर करून बघा: मनगट उजवीकडे पिळा आणि त्याच क्षणी तोच हात डावीकडे ढकला, वर नाक हळू उचलायला मागेही ओढा. एका मनगटाला तीन उलटसुलट कामं. त्यातलं एक वाढलं की दुसऱ्यात गळतं. पिळताना पंख हलतो, पंख सांभाळताना पीळ सुटतो. तुमचं विमान उतरताना मधल्या रेषेवर राहत नाही त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. पाय वेगळे झाले की हाताला फक्त हाताचं काम उरतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घ्या.

कोणते घ्यायचे, यावर मी फार वेळ घालवणार नाही.

सगळ्यात स्वस्त गटात थ्रस्टमास्टरचे टीएफआरपी आहेत. पावलं रुळावर मागेपुढे सरकतात, पंजानं दाबायचे ब्रेकही आहेत. दोन पायांतलं अंतर कमी, त्यामुळे गुडघे जवळ घेऊन बसावं लागतं. उंच माणसाला तासाभरानं कंटाळा येतो. सीएच प्रॉडक्ट्सचे प्रो पेडल्सही तसेच अरुंद. त्याच्या वरच्या गटात लॉजिटेकचे आहेत. हे मुळात सायटेकचे, २०१६ साली लॉजिटेकनं सायटेक घेतली तेव्हा नाव बदललं. अंगानं ऐसपैस, पावलांची मापं बदलता येतात, मधे स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायची खुंटी. मध्यावर मात्र एक खाच जाणवते, पाय त्यातून बाहेर काढायला थोडा जोर लागतो आणि बाहेर पडला की पाहिजे त्यापेक्षा जास्त जातो. ताण कमी ठेवला की हा त्रास बराच घटतो. त्याहून वर थ्रस्टमास्टरचे टीपीआर, पाळण्यासारखे वरून टांगलेले, सुमारे ७ किलो वजनाचे. आणि क्रोएशियात बनणारे एमएफजी क्रॉसविंड, ज्यांत पायाला लागणारा जोर बदलायला आतला कॅम, म्हणजे उंचसखल कडेची चकती, बदलता येतो. हे दोन्ही उत्तम. पण बाहेरून मागवायचे तर कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, खोक्यावरच्या किमतीवर जाऊ नका.

व्हीकेबीचे टी-रडर लोक विचारतात. बांधणी सुरेख, पण पंजाचे ब्रेक नाहीत. लढाऊ विमानं उडवणाऱ्याला चालतील. तुम्हाला मी नको म्हणेन, कारण सेस्नाचं पुढचं चाक पेडलनं मध्यापासून साधारण १० अंशच वळतं, त्याहून तीव्र वळणाला त्या बाजूचा ब्रेक लागतो. पुढेमागे सायरस एसआर २२ किंवा डायमंड डीए ४० घेतलंत तर त्यांचं पुढचं चाक मोकळंच असतं, हातगाडीच्या पुढच्या चाकासारखं. हळू चालताना ती विमानं निव्वळ ब्रेकवर वळतात. ब्रेकशिवाय ती पार्किंगमधून बाहेरही निघणार नाहीत.

आतला सेन्सर कुठला, हे मात्र विचारून घ्या. जुन्या आणि स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. कार्बनच्या पट्टीवर एक छोटं बोट घासत फिरतं. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की आकडा उड्या मारतो आणि विमान सरळ चालताना मधेच शेपटी झटकतं. महागड्या पेडलमध्ये हॉल सेन्सर असतो. तिथे लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे झिजायला काही नसतं. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत दिसतो.

तुमच्या घरासाठी, तुमच्या विमानांसाठी: लॉजिटेकचे पेडल चांगल्या स्थितीत सेकंडहँड मिळाले तर ते, नवेच हवे असतील आणि बजेट आखडतं असेल तर टीएफआरपी. वरच्या गटातले आत्ता नको. सहा महिने रोज उडवल्यावर तुमच्या पायांना काय खटकतं ते कळेल, तेव्हा बघा.

आता टाइल्स. पाय पुढे ढकलतो तेव्हा दोन गोष्टी घडतात: पेडल पुढे पळतात आणि खुर्ची मागे. रबरी मॅट टाकून पेडल थांबवले तरी खुर्ची जातेच, आणि सगळे जण फक्त पेडलच्या मागे लागतात. सोपा उपाय म्हणजे दोघांना एकमेकांशी बांधणं. सामान बांधायचा नायलॉनचा पट्टा मिळतो, बकलवाला. तो पेडलच्या तळातून घेऊन खुर्चीच्या मधल्या दांड्याला, चाकांच्या वर, ताणून बांधा. जितका जोर पेडलला पुढे ढकलतो तितकाच खुर्चीला मागे ढकलतो, पट्टा दोन्ही गिळून टाकतो. जमिनीला काही लागतच नाही. काम झालं की बकल सोडा आणि पट्टा खुंटीला अडकवा. वन बीएचकेत हे फार मोठं सुख आहे.

मी स्वतः फळी वापरतो. १९ मिलिमीटरचा प्लायवुड, चार फूट लांब, दीड फूट रुंद. पुढच्या टोकाला पेडल नट-बोल्टनं आवळलेले, तळाला भोकं नसतील तर चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून चौकट करा, पेडल त्यात बसतात. मागच्या टोकाला होल-सॉनं दोन गोल खळगे, पार आरपार नाहीत, खुर्चीची पुढची दोन चाकं त्यात बसतील एवढेच. माणूस बसला की त्याच्या वजनानं फळी दाबून राहते. सुताराला मी सांगितलं हे विमानासाठी आहे, तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. फळीच्या खाली जुन्या योगा मॅटचे तुकडे चिकटवा, म्हणजे रात्री अकराला खालच्या मजल्यावरून बेल वाजणार नाही.

बसण्याचं माप असं: एक पेडल पूर्ण आत दाबलं तरी त्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. सरळ झाला तर खुर्ची लांब आहे. टाचा खाली टेकलेल्या, आणि दाबायचं ते पावलाच्या पुढच्या भागानं, पण पेडलच्या खालच्या बाजूला. वरच्या बाजूला पंजा ठेवलात की नकळत ब्रेक लागतात. उतरताना ब्रेक लागलेले असणं हा नव्या माणसाचा नंबर एकचा घोटाळा आहे, धावपट्टीला टेकल्या टेकल्या विमान एका बाजूला खेचलं जातं आणि आपण वाऱ्याला शिव्या देतो.

आपण घरात अनवाणी असतो, हेही लक्षात घ्या. प्लास्टिकच्या पेडलवर घामट टाच चिकटते, मोज्यातली टाच घसरते. मी टाचेच्या जागी पातळ कॉर्कचा तुकडा लावलाय. तुम्ही काहीही लावा, पण टाच सरकत सरकत फिरायला हवी, कारण पाय उचलून दाबायचं नाही, टाच जमिनीवर ठेवून पुढे सरकवायचं आहे.

सेटिंगचं काम अर्ध्या तासाचं. पेडल पीसीच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा, स्वस्त हबमधून नको. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडा, पेडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या आणि पडद्यावर हलणाऱ्या पट्टीकडे बघत राहा. ती सरळ रेषेत सरकली पाहिजे. मधेच उडी मारली तर सेन्सर घाण झालाय. मग सिम्युलेटरमध्ये जाऊन जॉयस्टिकच्या ट्विस्टला नेमलेला रडर काढून टाका. हे विसरणारे दहात सात असतात! दोन्ही एकाच अक्षावर राहिले की पेडल स्थिर असताना जॉयस्टिकच्या बारीक थरथरीनं रडर हलत राहतो. नंतर ब्रेकचे दोन अक्ष तपासा. काही पेडलमध्ये ते उलटे येतात, म्हणजे पाय सोडला की ब्रेक पूर्ण लागलेला. फुल थ्रॉटल देऊनही विमान जागचं हललं नाही की समजायचं, अक्ष उलटा करायचा आहे. ब्रेकला ५ ते १० टक्के डेडझोन द्या, म्हणजे तेवढी बारीक हालचाल सिम्युलेटर मोजत नाही. रडरला मात्र डेडझोन जवळजवळ शून्य ठेवा, मध्यावर थरथर दिसली तरच एक-दोन टक्के.

वक्राबद्दल, म्हणजे पेडल किती हलल्यावर रडर किती हलावा या सेन्सिटिव्हिटीबद्दल, लोक भांडतात. पहिले आठ दिवस सरळ रेषाच ठेवा. पेडलचा प्रवास आखूड असेल आणि बारीक हालचाल जमतच नसेल, तरच मध्याजवळची धार थोडी कमी करा, म्हणजे उणे २० च्या आसपास. फार वाकवलंत तर मध्यावर काहीच होत नाही आणि टोकाकडे एकदम खूप होतं. उतरताना टोकाचाच भाग लागतो आणि तिथेच विमान हातातून जातं.

सराव कुठे करायचा? जुहूला. धावपट्टी ०८/२६, लांबी जेमतेम १,१०० मीटर, एक टोक समुद्राकडे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन पस मॉथ या छोट्या विमानातून याच जुहूला उतरले होते. पस मॉथचं तिसरं टेकण शेपटीखाली. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे शेपटी जरा सुटली की पुढे यायला बघते आणि विमान जागच्या जागी गरकन फिरतं. असं विमान पायांशिवाय उतरतच नाही. तुमचे पाय सेस्नात तयार झाले की एकदा शेपटीखाली चाक असलेलं कुठलंही विमान घ्या. सेस्नात लपून राहणाऱ्या सगळ्या आळशी सवयी पाच मिनिटांत उघड्या पडतील.

पहिले दोन दिवस विमान हवेत नेऊच नका. जुहूच्या धावपट्टीवर हळू चालवा, या टोकापासून त्या टोकाला, वळा, परत. मधली रेषा डाव्या नाकपुडीच्या सरळ रेषेत नको, तुमच्या अंगाच्या मध्याखालून गेली पाहिजे. तुम्ही डाव्या सीटवर असल्यामुळे नजर फसते आणि विमान रेषेच्या बाजूला जातं. नजर विमानाच्या तोंडासमोर नको, धावपट्टीच्या पार टोकाला ठेवा. ब्रेक अजिबात न लावता. पाय दाबला, नाक हललं, की लगेच सोडा. नाक जागेवर येईपर्यंत दाबून धरलंत तर ते पलीकडे जाणारच. हाच तुमचा नागमोडी प्रवास. गाडी चालवणाऱ्यांना हे जास्त जड जातं, कारण स्टीअरिंग फिरवून धरायची सवय असते. इथे दाब-सोड, दाब-सोड, बारीक बारीक.

तिसऱ्या दिवशी टेकऑफ. थ्रॉटल एका झटक्यात नको, तीन आकडे मोजत पुढे न्या, आणि त्याच गतीनं उजवा पाय आत जाऊ द्या. वेग वाढला की रडरवरची हवा वाढते, पाय थोडा कमी पुरतो. ५५ नॉटला नाक उचललं की ते उजव्या पात्याचं तिसरं कारण जागं होतं आणि पुन्हा थोडा पाय लागतो. चढताना समोरच्या पॅनेलवरची ती काळी गोळी बघा, वाकड्या नळीतली. गोळी उजवीकडे गेली तर उजवा पाय, डावीकडे गेली तर डावा. गोळी जिकडे, पाय तिकडे.

चौथ्या दिवशी हवेत पाय आणि हात जुळवायचे. ३,००० फुटांवर सरळ उडत क्षितिजावरचा एक ठिपका पकडा, समजा माथेरानच्या डोंगराची कड. आता विमान डावीकडे २० अंश कलवा, लगेच उजवीकडे २० अंश, थांबायचं नाही, आणि नाक त्या कडेवरून हलू द्यायचं नाही. स्टिक डावीकडे तर डावा पाय, उजवीकडे तर उजवा. पाय विसरलात तर दिसेल की डावीकडे कलवताना नाक आधी चक्क उजवीकडे जातं. वर उठणाऱ्या पंखाला हवेची ओढ जास्त लागते, तो मागे रेंगाळतो. पंधरा मिनिटं केलंत तर पोटऱ्या बोलतील.

मग वारा. २६ नंबरची धावपट्टी घ्या, वारा २३० अंशांवरून १० नॉट. म्हणजे आडवा फक्त ५. तेवढ्यात पाय नीट चालले की वारा १५, मग २०. त्याआधी वाढवू नका. टेकल्यावर काम संपत नाही हेही सांगतो. स्टिक वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडेच राहू द्या, वेग कमी होईल तशी आणखी डावीकडे. पुढचं चाक जमिनीला लागायच्या क्षणी पाय पूर्ण दाबलेला नको, कारण तेच चाक पेडलला जोडलेलं असतं. टेकताच ते वळलेल्या दिशेला झटका देतं.

मित्राच्या सांगण्यावरून एअरबस ए ३२० चा विचार डोक्यात आला असेल तर अपेक्षा बदला. हवेत तिथे पायांना जवळजवळ काम नसतं, वळणाचा ताळमेळ विमान स्वतः सांभाळतं. पाय लागतात टेकऑफच्या धावेत, आडव्या वाऱ्यात उतरताना, आणि एक इंजिन बंद पडलं तर. जमिनीवर पेडल पुढचं चाक मध्यापासून फक्त ६ अंश वळवतात. टर्मिनलजवळची मोठी वळणं हाताशी असलेल्या टिलरनं, म्हणजे छोट्या स्टीअरिंगनं, घेतात, ते पुढचं चाक ७५ अंशांपर्यंत नेतं. इथे तुमच्या जॉयस्टिकचा मोकळा झालेला ट्विस्ट कामी येतो. सिम्युलेटर टिलरसाठी वेगळा अक्ष देत असेल, एक्स-प्लेन देतो, तर ट्विस्ट त्याला नेमा. मोठ्या विमानात हवेत पाय आलटून पालटून ठोकू मात्र नका. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ५८७ मध्ये, पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर, रडर टोकापासून टोकापर्यंत उलटसुलट दाबला गेला आणि ए ३०० ची उभी शेपटीच तुटून पडली. २६५ माणसं गेली. सिम्युलेटरमध्ये शेपटी तुटणार नाही, पण पायाला लागलेली सवय तुटायला वेळ लागतो.

हेलिकॉप्टरचं एका ओळीत: त्यात मध्यावर आणणारी स्प्रिंग नको असते, म्हणून ताण अगदी ढिला करा. आणि जुहूहून समुद्रावर जाणारी पवनहंसची डॉफिन फ्रेंच घडणीची, पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं, म्हणून ताकद वाढवली की उजवा पाय. बेल किंवा रॉबिन्सनला डावा.

राहिली देखभाल. रुळांवर शिलाई मशीनचं तेल घालू नका, मुंबईची धूळ त्यावर बसून महिन्यात काळा चिखल होतो. सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकाएवढं, वर्षातून एकदा. पोटेन्शिओमीटर उड्या मारायला लागला तर इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर आत मारून पेडल पन्नास वेळा इकडून तिकडे हलवा. साधा गंज काढायचा स्प्रे नको. मी एकदा मारला होता. आठवडाभर पेडल नव्यासारखे चालले आणि नंतर कार्बनची पट्टीच गेली. बदलायचा झाला तर जुना काढून, त्यावरचा आकडा वाचून, ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जा आणि तोच नमुना काउंटरवर ठेवा. दांड्याची लांबी आणि वळणाचा कोनही जुळायला हवा, नुसते किलोओहम जुळून चालत नाही. सोल्डरिंग जमत असेल तर त्याच गल्लीत ४९ई नावाचा हॉल सेन्सर आणि बटणाएवढं निओडिमियम चुंबक मिळतं. माझ्या घरी बनवलेल्या जोडात तेच बसवलंय, सोबत एटीमेगा ३२यू४ चिपवाला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, तो संगणकाला जॉयस्टिक म्हणून ओळख देतो. त्या जोडाला ड्रॉवरचे चॅनल आणि दाराच्या बिजागऱ्या आहेत, दिसायला अगदी कळकट, पण सात वर्षं चाललाय.

सेकंडहँड घ्यायला गेलात तर स्टेशनवर भेटून खोकं घेऊ नका. विकणाऱ्याच्या घरी लॅपटॉप घेऊन जा. गेम कंट्रोलरची खिडकी उघडून पेडल हळू फिरवा, पट्टी बघा. मग दोन्हीकडून जोरात दाबून पाय एकदम सोडा: आकडा दर वेळी त्याच जागी परत येतो का? डावीकडून सोडल्यावर एक जागा आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरी येत असेल तर स्प्रिंग ढिली झालीय किंवा खुंटीला खेळ आलाय, किंमत पाडून मागा. शेवटी पेडल उलटे करून तळाचे स्क्रू बघा. सगळ्यांची डोकी झिजलेली असली तर माझ्यासारख्या कोणीतरी ते आधीच बऱ्याचदा उघडलेत.